उरलेला करंट कुठे गेला?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्या गुरुजींनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. अशा माणसाच्या नावाने बोलायचं तर पाठ्यपुस्तकातल्याच एखाद्या गणितावर बोलावं, असं मी ठरवलं. विषय छोटा आहे. विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवायचा असेल, खनिजातून धातू काढायचा असेल किंवा पाण्यातून हायड्रोजन मिळवायचा असेल, तर वेळ किती लागेल? बारावीच्या रसायनशास्त्रात हे गणित येतं. मुलं सूत्र पाठ करतात, आकडे घालतात, उत्तराखाली रेघ मारतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. माझं म्हणणं असं, की या गणिताचा खरा उपयोग उत्तर आल्यानंतर सुरू होतो. कागदावरचा वेळ आणि टाकीत प्रत्यक्ष लागलेला वेळ यांत फरक पडतो, आणि त्या फरकातच बरंचसं शहाणपण दडलेलं असतं. आज मला त्या फरकाविषयी बोलायचं आहे.

भोसरी, वाळूज, अंबड, गोकुळ शिरगाव, कुठल्याही एमआयडीसीत जा. प्लेटिंगचं एखादं तरी शेड सापडेल. टाकीत हिरवं द्रावण, वर तांब्याचे बार, बाजूला रेक्टिफायर, आणि रॅकवर टांगलेले जॉब. तिथल्या माणसाचा रोजचा प्रश्न एकच असतो: जॉब किती वेळ बुडवून ठेवायचा? पार्टीने ड्रॉइंगवर दहा मायक्रॉन निकेल लिहिलेलं असतं. कमी पडलं तर माल परत येतो, जास्त झालं तर निकेलचे पैसे पाण्यात.

हे गणित आपण करूनच बघू. जॉबचं क्षेत्रफळ एक चौरस डेसिमीटर, म्हणजे शंभर चौरस सेंटिमीटर आहे असं धरा. दहा मायक्रॉन म्हणजे सेंटिमीटरचा हजारावा भाग. गुणाकार केला की निकेलचं घनफळ आलं ०.१ घन सेंटिमीटर. निकेलची घनता ८.९, म्हणून वजन ०.८९ ग्रॅम. निकेलचं अणुवस्तुमान ५८.७. भागाकार केला की ०.०१५२ मोल. द्रावणातल्या निकेलच्या प्रत्येक आयनाला धातू होण्यासाठी दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून इलेक्ट्रॉन झाले ०.०३०३ मोल. एक मोल इलेक्ट्रॉनांचा एकूण विद्युतप्रभार ९६,४८५ कूलोम. गुणलं की सुमारे २,९२५ कूलोम. रेक्टिफायरवर तीन अँपिअर लावले असतील तर दर सेकंदाला तीन कूलोम जातात. भागलं की ९७५ सेकंद, म्हणजे सव्वासोळा मिनिटं.

यात त्रैराशिकापलीकडचं काही नाही. अँपिअर म्हणजे सेकंदाला किती इलेक्ट्रॉन गेले त्याची मोजणी, ग्रॅम म्हणजे किती अणू जमले त्याची मोजणी. या दोन मोजण्यांची सांगड घातली की घड्याळातला वेळ मिळतो. अणू कुणाच्याही डोळ्यांना दिसत नाही, आणि तरी तराजू, घड्याळ आणि ॲमीटर एवढ्या तीन वस्तूंवर अणूंचा हिशेब ठेवता येतो. शालेय विज्ञानात याहून मोठं काही शिकवलं जात असेल असं मला वाटत नाही.

हा हिशेब मायकेल फॅरेडेने लावून दिला. १७९१ साली लंडनजवळ एका गरीब लोहाराच्या घरी त्याचा जन्म झाला. शिक्षण जेमतेम. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तकं तो वाचत असे. १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीच्या हाताखाली त्याला नोकरी मिळाली. डेव्हीने त्याआधीच, १८०७ साली, वितळलेल्या पोटॅशमधून वीज सोडून पोटॅशियम वेगळं केलं होतं. वीज पदार्थ फोडते हे तेव्हा माहीत झालं होतं. किती विजेने किती पदार्थ फुटतो, हे मात्र कुणी नीट सांगितलेलं नव्हतं.

फॅरेडेने ते कसं शोधलं हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. मोजपट्टी म्हणून त्याने पाणीच घेतलं. आम्ल मिसळलेल्या पाण्यातून वीज गेली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात. ते खुणा केलेल्या नळीत गोळा केले की किती वीज गेली हे त्यांच्या आकारमानावरून कळतं. या उपकरणाच्या ओळीतच पुढे त्याने दुसरं पात्र जोडलं, म्हणजे जेवढी वीज पहिल्यातून गेली तेवढीच दुसऱ्यातून जाणार. दुसऱ्या पात्रात कथिलाचं क्लोराइड होतं. काचेच्या नळीत प्लॅटिनमची तार वितळवून बसवलेली, तिच्या टोकाला छोटी गाठ, खाली स्पिरिटचा दिवा. क्लोराइड वितळलं, करंट सुरू झाला, आणि प्लॅटिनमच्या गाठीभोवती कथिलाचा थेंब जमू लागला. प्रयोग संपल्यावर नळी फोडून तार धातूसकट बाहेर काढली, वजन केलं आणि मूळ तारेचं वजन वजा केलं. मग त्रैराशिक. हायड्रोजनच्या एका भागाला कथिलाचे किती भाग पडले? त्याचं उत्तर ५८ च्या आसपास आलं. आज आपण ते ५८.९ मानतो. काचेची नळी आणि स्पिरिटचा दिवा हाताशी घेऊन दीड-दोन टक्क्यांपर्यंत पोचलेला हा माणूस होता. हे संशोधन १८३४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल यांच्याशी पत्रव्यवहार करून इलेक्ट्रोड, ॲनोड, कॅथोड आणि आयन हे शब्दही त्याने रूढ केले.

त्या काळचा सर्वांत वजनदार रसायनशास्त्रज्ञ म्हणजे स्वीडनचा बर्झेलियस. त्याला हा नियम पटला नाही. त्याचा आक्षेप वरवर अगदी वाजवी वाटतो: एखाद्या पदार्थातले घटक एकमेकांना घट्ट धरून असतात, दुसऱ्यातले सैल, मग दोन्ही सोडवायला सारखीच वीज कशी पुरेल? आजही वर्गातला हुशार मुलगा हाच प्रश्न विचारतो आणि त्याला बहुतेक वेळा गप्प बसवलं जातं. गप्प बसवू नये, कारण उत्तर फार महत्त्वाचं आहे. विजेच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी आपण मोजतो. एक म्हणजे किती इलेक्ट्रॉन गेले, दुसरी म्हणजे किती जोराने ढकलावे लागले. घट्ट बांधलेल्या पदार्थाला जोर जास्त लागतो, म्हणजे व्होल्ट जास्त लागतात. मोजणी मात्र तीच राहते, एका आयनाला ठरलेले इलेक्ट्रॉन. म्हणून वेळेच्या गणितात व्होल्टेज कुठेच येत नाही. करंट वेळ ठरवतो, व्होल्टेज विजेचं बिल ठरवतं. हे एक वाक्य नीट समजलं की या प्रकरणातला निम्मा गोंधळ संपतो.

या नियमावर लोकांनी किती विसंबून राहावं? न्यूयॉर्कमध्ये १८८० च्या दशकात एडिसनच्या कंपनीने घराघरांत वीज दिली, तेव्हा आजच्यासारखे मीटर नव्हते. प्रत्येक ग्राहकाकडे एका पेटीत झिंक सल्फेटच्या बाटल्या ठेवलेल्या असत. घरात येणाऱ्या करंटचा ठरलेला लहानसा हिस्सा त्यातून जाई आणि जस्ताच्या एका पट्टीवरून दुसरीवर जस्त सरके. महिन्याला कंपनीचा माणूस येई, पट्ट्या काढून नेई, धुऊन वाळवून तोली, आणि त्या वजनावर बिल निघे. इथे आपलं गणित उलट चालवलेलं आहे: वेळ आणि वजन माहीत, करंट काढायचा. पुढे १९०८ साली लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तर अँपिअरची व्याख्याच चांदीवर बसवली. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून दर सेकंदाला १.११८ मिलिग्रॅम चांदी बसवणारा करंट तो एक अँपिअर. चांदीचं अणुवस्तुमान १०७.८७, त्याला ९६,४८५ ने भागा, हाच आकडा येतो. ही व्याख्या १९४८ पर्यंत चालली.

वेळेच्या या गणितात महिने आणि सेकंद दोन्ही कसे मावतात याचं उदाहरण म्हणजे ॲल्युमिनियम. १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या बावीस-तेवीस वर्षांच्या दोन तरुणांनी, एकमेकांना न ओळखता, एकच रीत शोधली: वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळवायचं आणि त्यातून वीज सोडायची. ॲल्युमिनियमच्या आयनाला तीन इलेक्ट्रॉन लागतात आणि अणू हलका, वस्तुमान फक्त २७. म्हणून किलोमागे मोजणी प्रचंड होते. एक किलो ॲल्युमिनियमला एक कोटी सात लाख कूलोम लागतात. एक अँपिअरने काढायचं म्हटलं तर सुमारे १२४ दिवस लागतील. आजच्या मोठ्या भट्टीत तीन लाख अँपिअर वाहतात, तिथे तेच एक किलो छत्तीस सेकंदांत तयार व्हायला हवं. अशा शेकडो भट्ट्या एकापाठोपाठ एका ओळीत जोडतात. एकसरीत जोडल्यामुळे तोच करंट प्रत्येक भट्टीत पुन्हा काम करतो. फॅरेडेने पाण्याचं आणि कथिलाचं पात्र एका ओळीत जोडलं होतं, तीच युक्ती.

‘तयार व्हायला हवं’ असं मी म्हणालो. प्रत्यक्षात छत्तीस ऐवजी अडतीस-एकोणचाळीस सेकंद लागतात. दोन-तीन सेकंदांचा हा फरक कुठून आला? सुमारे ९५० अंश सेल्सिअस तापलेल्या त्या द्रवात तळाशी जमलेल्या धातूचा काही अंश पुन्हा विरघळतो, आणि धनाग्राशी सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून पुन्हा ऑक्साइड होतो. म्हणजे इलेक्ट्रॉनांनी आपलं काम चोख केलं, फॅरेडेचा नियम तसूभर चुकला नाही, पण तयार झालेला माल आपल्या हातून परत गेला. एवढं कळल्यावर अभियंते धातू आणि धनाग्र यांच्यातलं अंतर, भट्टीचं तापमान, द्रवाची हालचाल यांच्या मागे लागले. काही टक्के करंट वाचवण्यासाठी पिढ्यान्पिढ्या काम झालं आहे. किलोमागे तेरा-चौदा युनिट वीज खाणाऱ्या धंद्यात प्रत्येक टक्क्याला किंमत असते.

आता परत प्लेटिंगच्या शेडमध्ये येऊ. निकेलच्या टाकीत शंभरातले सुमारे पंच्याण्णव इलेक्ट्रॉन निकेल बसवतात, म्हणून सव्वासोळाऐवजी सतरा मिनिटं धरायची. इथे फरक किरकोळ आहे. फक्त एक सांगितलं पाहिजे: हे गणित एकूण किती धातू बसला ते सांगतं, कुठे बसला ते सांगत नाही. जॉबच्या कडांवर आणि टोकांवर थर जाड येतो, खोबणीत पातळ. सरासरी दहा मायक्रॉन आले आणि खोबणीत चारच आले, तर गंज खोबणीतूनच सुरू होतो. रॅकवर जॉब कसा टांगायचा हे जाणणारा जुना कारागीर इथे कामाला येतो, आणि त्याच्या या जाणकारीला आपण फार कमी मान देतो.

हार्ड क्रोमची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिच्यासाठीच मी हा विषय निवडला. तेवढ्याच जॉबवर दहा मायक्रॉन क्रोमियम बसवायचं तर वजन भरतं ०.७१ ग्रॅम. क्रोमिक ॲसिडच्या बाथमध्ये क्रोमियमच्या एका अणूसाठी सहा इलेक्ट्रॉन लागतात. हिशेब केला की सुमारे ७,९०० कूलोम. इथे करंटही दणकून लावतात, चौरस डेसिमीटरला तीस अँपिअर धरा. कागदावरचं उत्तर आलं २६३ सेकंद, साडेचार मिनिटांच्या आत. पण साडेचार मिनिटांनी जॉब बाहेर काढलात तर त्यावर दीड मायक्रॉनच्या आसपासच थर दिसेल. खरा वेळ लागतो अर्धा तास. या बाथमध्ये शंभरातले दहा ते वीस इलेक्ट्रॉनच क्रोमियम बसवतात.

मग उरलेले ऐंशी-नव्वद कुठे गेले? वाया गेले, असं सहज म्हटलं जातं. इलेक्ट्रॉन असे वाया जात नाहीत. फॅरेडेचा नियम त्यांनाही लागू आहे. ते गेले ते मुख्यतः हायड्रोजन तयार करायला. टाकीच्या पृष्ठभागावर सतत फसफसणारे बुडबुडे हा तो उरलेला करंट. प्रत्येक बुडबुडा फुटताना क्रोमिक ॲसिडचे बारीक तुषार हवेत उडवतो. टाकीशेजारी उभा असलेला कामगार ते श्वासातून घेतो. या रूपातलं क्रोमियम फुफ्फुसाचा कर्करोग करतं, हे निर्विवाद सिद्ध झालेलं आहे. जुन्या क्रोम प्लेटिंगवाल्यांच्या नाकातल्या पडद्याला भोक पडलेलं असे आणि हातांवर न भरणाऱ्या जखमा असत. बारावीच्या वहीत ज्याला आपण कार्यक्षमतेचा टक्का म्हणतो, तो कुणाच्या तरी नाकातोंडात जातो. वेळेचं गणित करताना हा भाग सोडून देणं मला बरोबर वाटत नाही. टाकीवरचे तुषार खेचून घेणारा एक्झॉस्ट हवा, तुषार दाबणारं रसायन बाथमध्ये हवं, कामगाराची नियमित तपासणी हवी. आणि जिथे जमेल तिथे तीन संयुजेच्या क्रोमियमचा बाथ वापरायला हवा.

तोच हायड्रोजन पोलादालाही सोडत नाही. अणुरूपातला हायड्रोजन धातूच्या आत शिरतो, आणि जास्त ताकदीचे बोल्ट किंवा स्प्रिंग काही दिवसांनी, भर ताणाखाली, काचेसारखे तडकतात. म्हणून प्लेटिंग झाल्यावर असे जॉब लगेच भट्टीत सुमारे दोनशे अंशांवर काही तास तापवतात, म्हणजे हायड्रोजन बाहेर निघून जातो. घाईत हे तापवणं टाळलं तर गाडीचा बोल्ट रस्त्यावर तुटतो. उरलेल्या करंटचा हिशेब कुणीतरी ठेवलाच पाहिजे, तो असा.

हायड्रोजन हाच जिथे हवा असतो, तिथे चित्र उलटं होतं. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला साडेनऊ कोटी कूलोमहून जास्त वीज लागते. एका पात्रातून एकच अँपिअर सोडला तर तीन वर्षं लागतील. म्हणून पात्रं शेकड्याने ओळीत जोडायची आणि करंट हजारोंनी वाढवायचा. वेळ कमी करण्याचे हे दोनच मार्ग आहेत, तिसरा नाही. जादा व्होल्टेज, चुंबक, खास कंपनांनी सिद्ध केलेलं पाणी, असल्या यंत्रांच्या जाहिराती अधूनमधून येतात. त्यांच्याकडे एकच चौकशी करा: करंट किती, वेळ किती आणि ओळीत पात्रं किती? तिन्हींचा गुणाकार फॅरेडेच्या हिशेबापेक्षा कमी सांगितला असेल तर दावा खोटा आहे.

आपल्या देशाला हे काम नवं नाही. भाक्रा धरणाच्या विजेवर पंजाबातल्या नांगल इथे पाण्याचं विद्युत अपघटन करून खतासाठी हायड्रोजन काढला जात होता, आणि त्याला जोडूनच १९६२ मध्ये देशातला पहिला जड पाण्याचा कारखाना सुरू झाला. अपघटनात साधा हायड्रोजन आधी सुटतो आणि जड हायड्रोजन मागे साठत जातो, या गुणाचा तो उपयोग होता. आता जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादन हे त्याचं उद्दिष्ट. किलोला पन्नास युनिट वीज धरली, आणि प्रत्यक्षात साधारण तेवढी लागतेच, तर वर्षाला २५,००० कोटी युनिट होतात. म्हणजे वर्षभर, रात्रंदिवस, साडेअठ्ठावीस हजार मेगावॅट फक्त या कामासाठी. सूर्य रात्री नसतो. सौर वीज दिवसाचे पाच-सहा तासच पूर्ण जोराने मिळते आणि विद्युत अपघटनाचं यंत्र उरलेला वेळ रिकामं बसतं. करंट गुणिले वेळ यातला वेळच निम्म्याहून कमी झाला, तर तेवढ्याच मालासाठी यंत्रं कित्येक पट बसवावी लागतात. हरित हायड्रोजन महाग का, याचं एक मोठं कारण या साध्या गुणाकारात आहे. मी या अभियानाचा पाठीराखा आहे. म्हणूनच वर्तमानपत्रात आकडे येतात तेव्हा वाचकांनी हा गुणाकार स्वतः करून बघावा असं मला वाटतं.

समोर बरेच शिक्षक बसलेले आहेत, त्यांना एक विनंती आहे. या वर्षी हे गणित फळ्यावर सोडवण्याआधी प्रयोगशाळेत करा. मोरचुदाचं द्रावण, तांब्याच्या दोन स्वच्छ पट्ट्या, बॅटरी, ॲमीटर, रोधक, घड्याळ आणि दशांशाच्या तीन घरांपर्यंत वजन दाखवणारा तराजू एवढं पुरेल. अर्धा अँपिअर करंट अर्धा तास ठेवा. ऋणाग्राच्या पट्टीवर ०.२९६ ग्रॅम तांबं बसायला हवं. पट्टी पुसू नका, पाण्याने हळूच धुवा, मग स्पिरिटमध्ये बुडवून वाळू द्या आणि तोला. कुणाची ०.२७ भरेल, कुणाची ०.२८. कुणी करंट वर-खाली होऊ दिला असेल, कुणाचा थर भुसभुशीत होऊन गळून पडला असेल. धनाग्राची पट्टीही तोलायला सांगा. तिचं घटलेलं वजन आणि ऋणाग्राचं वाढलेलं वजन सहसा जुळत नाही, आणि ते का, याची कारणं मुलांना स्वतः शोधून लिहू द्या. ०.२९६ हे उत्तर पुस्तकातून उतरवणाऱ्याला जेवढे गुण देता, त्याहून जास्त गुण ०.२७ का आलं हे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला द्या.